गाडीवरचं जुनं सीलंट काढायचं कसं: बोअरच्या पाण्यावर धुतल्या जाणाऱ्या गाड्यांसाठी सविस्तर पद्धत

नवीन सीलंट (पेंटवर लावायचा, पाणी आणि घाण दूर ठेवणारा संरक्षक थर) लावायचं ठरलं की बाटली कोणती घ्यायची यावर लोक आठवडाभर डोकं खपवतात आणि जुना थर काढायला अर्धा तास देत नाहीत. महिनाभरात बॉनेटवर एका जागी पाण्याचे टपोरे थेंब उभे राहतात आणि शेजारीच पाणी पसरट पडून राहतं. शिव्या नव्या बाटलीला बसतात. खरं कारण खाली असतं. सीलंटला धरायला स्वच्छ क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) लागतो. नवा थर अर्धवट झिजलेल्या जुन्या थरावर बसला, तर जुना थर सुटताना नव्यालाही सोबत घेऊन जातो.

मराठवाड्यात यात आणखी एक भानगड आहे. ज्याला आपण ‘जुन्या टेफ्लॉनचा पांढरा थर’ म्हणतो, तो पुष्कळदा टेफ्लॉनचा, म्हणजे जुन्या सीलंटचा, नसतोच. बोअरच्या जड पाण्याचे क्षार, त्यात अडकलेली काळ्या रानातली धूळ, परळीकडची औष्णिक केंद्राची राख, गाळप हंगामात साखर कारखान्यांच्या चिमणीतून पडणारी काजळी, जालन्याच्या स्टील कारखान्यांच्या पट्ट्यात उडणारे लोखंडाचे कण, हे सगळं सीलंटवर बसून घट्ट होतं. वरचा हा थर न काढता थेट पॉलिश मशीन फिरवलं तर तीच धूळ पेंटवर रगडली जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी माती, मग क्षार, मग सीलंट, मग डांबर, मग लोखंड, मग क्ले (पेंटवर रुतलेले कण उचलणारी मऊ वडी). पॉलिश अगदी शेवटी, आणि तेही गरज पडली तरच. कारखान्यातून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. पॉलिशने तो थोडा का होईना कमी होतो आणि परत भरून येत नाही.

आधी गाडीवर काय आहे ते ओळखा

बॉनेटच्या एका कोपऱ्यात मास्किंग टेपने ३० बाय ३० सेंटीमीटरचा चौकोन आखा. सगळे प्रयोग आधी या चौकोनात. टेप उन्हात तापू देऊ नका, नाहीतर गोंद पेंटवर राहतो आणि काढायला एक काम वाढतं.

चौकोन साध्या शाम्पूने धुवा आणि पाणी मारून बघा. थेंब उभे राहत नाहीत म्हणजे सीलंट मेलं, असा निष्कर्ष लगेच काढू नका. आता त्यावर व्हिनेगरचं पाणी वापरा (प्रमाण पुढे दिलं आहे), धुऊन टाका आणि परत पाणी मारा. थेंब परत आले तर सीलंट खाली जिवंत आहे, क्षारांनी फक्त झाकलं होतं. अशा वेळी तेच उत्पादन पुन्हा लावायचं असेल तर सगळं खरवडून काढायची गरज नाही. क्षार काढा, क्ले फिरवा, वरून नवा थर द्या, काम झालं. दुसऱ्या प्रकारचं सीलंट किंवा सिरॅमिक (सीलंटपेक्षा कडक आणि घट्ट धरणारं कोटिंग) लावायचं असेल तर मात्र पूर्ण काढावं लागेल.

व्हिनेगरनंतरही पाणी पसरटच राहिलं तर उरलेलं सीलंट तुकड्या-तुकड्यांत आहे. ते अल्कलाइन शाम्पूने आणि टार रिमूव्हरने (डांबर काढणाऱ्या द्रवाने) निघेल. दोन्ही वापरूनही थेंब टणाटण उभे राहत असतील तर गाडीवर बहुधा सिरॅमिक कोटिंग आहे. सेकंडहँड गाडीत हे हमखास निघतं, कारण आधीच्या मालकाने काय लावलं हे विकणाराही सांगत नाही. खरं सिरॅमिक शाम्पूने, थिनरने, कशानेही नीट निघत नाही. ते पॉलिशनेच उतरतं. ते चांगल्या स्थितीत असेल तर काढूच नका, त्यावर चालणारा टॉपर (वरून द्यायचा हलका संरक्षक थर) लावा.

पाणी, वेळ आणि जागा

पन्नास-शंभर रुपयांच्या वस्तूंवर घासाघीस करणारेही टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर) पैसे घालवत नाहीत. या कामात तो आधी हवा. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे पिण्याला चाललेलं पाणीसुद्धा पेंटला चालेलच असं नाही. १००० टीडीएसचं एक लिटर पाणी पत्र्यावर वाळलं की मागे साधारण एक ग्रॅम क्षार राहतात. मीटरवर ५०० च्या वर आकडा दिसला तर ते पाणी धुवायला वापरा, पण गाडीवर वाळू देऊ नका.

शेवटच्या धुण्यासाठी ८-१० लिटर हलकं पाणी बाजूला ठेवा. आरओचं शुद्ध पाणी चालेल. आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र चालणार नाही, त्यात क्षार आणखी गोळा झालेले असतात. सर्वात स्वस्त उपाय म्हणजे एसीच्या नळीखाली बादली लावणे. ते हवेतल्या वाफेचं पाणी असतं, टीडीएस अगदी कमी. फडक्यातून गाळून घ्या.

एकूण पाणी किती लागतं? नळी सोडून न ठेवता, बादली आणि हातपंपाच्या स्प्रेयरवर काम केलं तर हॅचबॅकला ७० ते ८० लिटरमध्ये सगळं बसतं. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. इथे एक सावधगिरी: शेतावरचा पाठीवरचा फवारणी पंप गाडीसाठी वापरू नका. औषधाचा अंश तर असतोच, पण फवाऱ्यात मिसळायचं जे ‘स्टिकर’ असतं त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं. टाकी तीनदा विसळली तरी ते नोझलमध्ये आणि नळीत राहतं. काढायला निघालो सीलंट आणि फवारलं सिलिकॉन, असं व्हायला नको. दोन लिटरचा नवा हातपंप स्प्रेयर वेगळा ठेवा.

वेळ सकाळची. मार्च ते जूनमध्ये सहाला सुरू करून नऊच्या आत ओलं काम उरका, नाहीतर दोन सकाळींत विभागा. सावली असली तरी हवा इतकी कोरडी असते की शाम्पू दोन मिनिटांत वाळतो. तळहाताची मागची बाजू पत्र्यावर दहा सेकंद ठेवा. चटका किंवा ऊब जाणवली तर थांबा. कडुलिंबाखालची सावली गार असते, पण वरून चिकट थेंब आणि पक्ष्यांची घाण पडते. पोर्च किंवा शेड बरी. सगळ्यात सोयीचा काळ पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत.

सामान

- दोन बादल्या, १५ लिटरच्या, तळाला जाळी; धुण्याचा मायक्रोफायबर मिट (हातात घालायचा मोजा) एक पेंटला, एक चाकांना
- ३०० ते ४०० जीएसएमची (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाची) मायक्रोफायबर फडकी ८-१०
- साधा पीएच न्यूट्रल शाम्पू आणि वॅक्स-सीलंट काढणारा अल्कलाइन शाम्पू
- टार रिमूव्हर, आयर्न रिमूव्हर (लोखंडाचे कण काढणारा)
- फाइन ग्रेडचा क्ले, १०० ग्रॅम
- पांढरं व्हिनेगर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए)
- ५ लिटर डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं, ‘बॅटरीचं पाणी’ मागताना ॲसिड हातात पडत नाही ना, एवढं लेबल वाचा)
- नायट्राइल हातमोजे, मऊ ब्रश, जुना टूथब्रश, मास्किंग टेप

काय वापरायचं नाही, तेही इथेच. रॉकेल आणि डिझेल जुनं वॅक्स थोडं उचलतात, पण मागे तेलाचा पापुद्रा ठेवतात आणि नवं सीलंट त्यावर धरत नाही. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेल मारून घेतलेली गाडी असेल तर दरवाजांचे खालचे भाग आधी दोनदा शाम्पूने धुवा. एनसी थिनर (रंग पातळ करायचा तीव्र द्रावक) कारखान्याच्या पेंटवर कदाचित निभावेल, पण डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पॅनलवर पेंट मऊ करून उचलतो. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं; क्षार निघतात खरे, सोबत क्रोमची आणि नट-बोल्टचीही वाट लागते. कपड्यांच्या पावडरमधले न विरघळलेले कण ओरखडे पाडतात. भांड्याचं लिक्विड वॅक्स थोडं उतरवतं, पॉलिमर सीलंटचं फारसं काही बिघडवत नाही.

माती

कोरडं फडकं मारू नका, झटकणीही नको. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चिकटते, म्हणून पाणी मारून लगेच घासायचं नाही. स्प्रेयरने ओली करा, पाच मिनिटं थांबा, परत पाणी मारा, मगच मिट लावा. चाकांच्या कमानी आणि दरवाजांखालचे पट्टे आधी साफ करा, नाहीतर तिथला गाळ शेवटी वर येतो. मग टपापासून खाली, एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. प्रत्येक पॅनलनंतर मिट साध्या पाण्यात जाळीवर पिळून घ्या.

क्षार

एक भाग पांढरं व्हिनेगर, एक भाग डिस्टिल्ड वॉटर. फडकं यात भिजवून डागावर पसरवा, एक मिनिट ठेवा, हलक्या हाताने पुसा, भरपूर पाण्याने धुवा. सगळ्या गाडीवर एकदम मारू नका. अर्धं बॉनेट, मग उरलेलं, असं चला. उघड्या ॲल्युमिनियमवर आणि क्रोमच्या पट्टीवर नको.

व्हिनेगर कार्बोनेट विरघळवतं. एकदा-दोनदा करूनही गोल कडा दिसत राहिल्या तर दोन शक्यता: एक तर डाग सिलिकाचा आहे, ज्याला व्हिनेगर लागू पडत नाही, नाहीतर क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खळगा पाडला आहे. नखाचं टोक कडेवरून फिरवा. उंचवटा लागला तर वर काहीतरी बसलं आहे, क्ले निभावेल. गुळगुळीत लागून डाग दिसतो म्हणजे खळगा. तो पॉलिशपर्यंत सोडून द्या. व्हिनेगर वाढवून काही होत नाही.

पुढच्या पायरीआधी व्हिनेगर पूर्ण धुतलं गेलं पाहिजे. त्याचा अंश राहिला तर अल्कलाइन शाम्पूची ताकद तिथेच मरते.

सीलंट सोडवणं

अल्कलाइन शाम्पूचं प्रमाण बाटलीवर असेल ते पाळा. तो न मिळाल्यास ऑल पर्पज क्लीनर १ भाग आणि पाणी १० भाग. एका वेळी एक पॅनल: लावा, ३ ते ५ मिनिटं ओलं ठेवा, मिटने पुसा, धुवा. मधे वाळायला लागलं तर वरून पाण्याचा फवारा द्या. हा शाम्पू वाळला तर पांढरे ओघळ राहतात आणि काळ्या प्लॅस्टिकवर ते कायमचेही होऊ शकतात. स्टिकर, विनाइल फिल्म आणि उघड्या ॲल्युमिनियमला हात लावू नका.

बहुतेकांची चूक इथे होते. शाम्पू मारल्यावर पाणी सपाट चादरीसारखं वाहतं आणि वाटतं, झालं, सीलंट गेलं. पण शाम्पूचा अंश पत्र्यावर असेपर्यंत पाणी सपाटच वाहणार. दोनदा साध्या पाण्याने धुवा, पुसून कोरडं करा आणि मग स्वच्छ पाणी मारून बघा. थेंब परत आले तर तीच पायरी पुन्हा करा. दोनदा करूनही फरक नसेल तर तिसऱ्यांदा करू नका, टार रिमूव्हरकडे वळा.

डांबर, मग लोखंड

समृद्धीवर गाडी पळवणाऱ्यांपेक्षा गावाकडे नव्याने डांबरीकरण झालेल्या रस्त्यांवरून येणाऱ्यांच्या गाडीला डांबराचे ठिपके जास्त. टार रिमूव्हर द्रावक असतो, त्यामुळे तो ठिपक्यांसोबत उरलेलं सीलंटही बरंच उचलतो. कोरड्या पॅनलवर मारा, एक-दोन मिनिटांत ठिपका तपकिरी ओघळतो, फडक्याने उचला. चोळायचं नाही, उचलायचं. प्रत्येक पॅनलला फडक्याची नवी घडी. नंतर शाम्पूने धुणं सक्तीचं, कारण हा स्वतः तेलकट अंश ठेवतो. पुन्हा रंगवलेल्या पॅनलवर आधी आतल्या कडेला थेंबभर लावून बघा. पेंटचा रंग फडक्यावर आला तर तिथे वापरू नका.

आयर्न रिमूव्हर डांबरानंतर, कारण तो पाण्यातला असतो आणि डांबराखालच्या कणापर्यंत पोहोचत नाही. गार, कोरड्या किंवा जेमतेम ओल्या पेंटवर मारा. लोखंडाचा कण भेटला की जांभळा ओघळ सुटतो. वास उग्र आणि गंधकासारखा असतो, मोकळ्या हवेत काम करा, हातमोजे घाला. तीन-चार मिनिटं, वाळू न देता, मग धुवा. जालना, वाळूज भागात किंवा रेल्वे स्टेशनजवळ रोज उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या गाड्यांवर हे करण्याआधी आणि नंतर फरक डोळ्यांना दिसतो. जे बारीक तपकिरी ठिपके बघून ‘पेंटला गंज चढला’ असं वाटत होतं, ते ठिपके निघून जातात. जांभळं काहीच झालं नाही तर दुसरा हात मारून बाटली संपवू नका, तिथे लोखंड नाही.

हे पाणी जनावरांच्या हौदाकडे किंवा विहिरीकडे वाहू देऊ नका.

क्ले

हात पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून धुतलेल्या पॅनलवर बोटं फिरवा. उघड्या बोटांना गुळगुळीत वाटलेला पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. खरखर असेल तिथेच क्ले, सगळीकडे नाही.

१०० ग्रॅमच्या वडीचे तीन तुकडे करा. एकच घ्या, बाकी डबीत. जमिनीवर पडलेला तुकडा फेकून द्या, त्याला चिकटलेला खडा दिसत नाही. थंडीत क्ले कडक होतो, कोमट पाण्यात मळा. उन्हाळ्यात लोण्यासारखा लगदा होतो, मधून मधून गार पाण्यात बुडवा. वंगण म्हणून एक लिटर हलक्या पाण्यात ५ मिली न्यूट्रल शाम्पू पुरे. वॅक्स असलेला शाम्पू इथे चालणार नाही, कारण जे काढतोय तेच परत लागेल. ४५ सेंटीमीटरच्या चौकोनात, सरळ रेषेत, बोटांच्या वजनाइतकाच दाब. क्ले अडखळला तर वंगण कमी आहे. दर दोन चौकोनांनी घडी घालून स्वच्छ बाजू वर घ्या. काळ्या आणि गडद निळ्या गाड्यांवर क्लेचे हलके धुरकट चट्टे उरतात. ते पॉलिशने जातात, म्हणून अशा गाडीला पॉलिशची तयारी आधीच ठेवा.

पॉलिश: कधी, किती

तीन कारणांसाठीच. चौकोनात काढावं लागणारं सिरॅमिक निघालं, व्हिनेगरनंतर खळगे उरले, किंवा क्लेचे चट्टे दिसतात. फाइन फिनिशिंग पॉलिश, मऊ फोम पॅड, ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारं, पेंटला सौम्य). पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, ५० सेंटीमीटरचा चौकोन, आधी हळू पसरवून मग मध्यम वेगाने चार-पाच फेऱ्या. दरवाजाच्या कडा, बॉनेटची धार आणि बॉडी लाइन यांवर क्लिअर कोट सर्वात पातळ असतो, तिथे टेप लावा. रस्त्याकडेला मिळणारं रोटरी मशीन आणि लोकरीचा पॅड या कामासाठी घेऊ नका. सीलंट काढायला तेवढी ताकद लागतच नाही, आणि बारीक ओरखड्यांचं गोल चकचकीत जाळं मात्र उन्हात वर्षभर दिसतं.

पेंट जाडीचं मीटर मिळालं तर घ्या. पत्र्याच्या पॅनलवर सगळीकडे ९० ते १४० मायक्रॉनच्या आसपास आकडे आणि एकाच दरवाजावर २५० आला, तर तो पुन्हा रंगवलेला आहे. जाडी जास्त दिसली म्हणून निर्धास्त होऊ नका; ती प्रायमर-पुट्टीची असू शकते. प्लॅस्टिक बंपरवर साधं मीटर चालत नाही.

काळं प्लॅस्टिक आणि फटी

पांढरा खडूसारखा अंश इथेच सर्वात हट्टी असतो, कारण सीलंट दाणेदार प्लॅस्टिकच्या खळग्यांत जाऊन वाळतं. १:१० क्लीनर, टूथब्रश, गोल फिरवत एक मिनिट, ओल्या फडक्याने उचला. वाळल्यावर परत पांढरं दिसलं तर पुन्हा करा, दोन-तीनदा लागतं. वरून तेल चोळून लपवू नका, पहिल्या पावसात ते ओघळून दरवाजावर येतं. लोगो आणि नंबर प्लेटभोवती मऊ ब्रश. पुढच्या काचेवर वायपर फिरल्यावर धुरकट पट्टा येत असेल तर सीलंट तिथेही गेलं आहे. काचेच्या पॉलिशने काढा आणि वायपरचं रबर आयपीएने पुसा.

आयपीए आणि शेवटची तपासणी

२०० मिली ९९ टक्के आयपीए आणि ८०० मिली डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे साधारण २० टक्के. जास्त तीव्र केल्याने जास्त स्वच्छ होत नाही. उष्ण हवेत ते पुसायच्या आधी उडून जातं आणि ताज्या किंवा मऊ पेंटला फुगवतं. दोन फडकी: एकाने ओलं पुसा, लगेच दुसऱ्याने कोरडं. पॉलिश केलं असेल तर ही पायरी दोनदा, कारण पॉलिशमधलं तेलही पाण्याचे थेंब उभे करतं आणि चट्टे झाकतं. जवळपास विडी-सिगारेट, गॅस नको.

दिवे घालवा आणि मोबाइलचा टॉर्च पत्र्याजवळ तिरका धरा. इंद्रधनुषी छटा किंवा धुरकट चट्टा दिसला तर तिथे काहीतरी शिल्लक आहे. कोरडं मायक्रोफायबर सरकवलं की स्वच्छ क्लिअर कोटवर ते किंचित अडखळतं. सीलंट असलेल्या जागी सरकन जातं. ही खूण पाण्याच्या थेंबांपेक्षा भरवशाची.

नवा थर लावताना

पुसून झाल्यावर गाडी रात्रभर ठेवू नका, धूळ परत बसते. सीलंट पातळ लावा, इतकं की लावलेलं तिरकं बघितल्याशिवाय कळू नये. हॅचबॅकला लिक्विड सीलंट २० ते ३० मिली पुरतं. जाड थर टिकाऊ नसतो, तो फक्त पुसायला कठीण असतो, आणि पुढच्या वेळी काढायचा पांढरा अंश त्यातूनच तयार होतो. बाटलीवर २० ते ३० मिनिटं लिहिली असतील तर मे महिन्यात दहाव्या मिनिटाला बोटाने तपासा: पुसलेली रेघ स्वच्छ आली की पुसायला सुरुवात करा.

१२ ते २४ तास पाणी लागू देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं दवही त्यात आलं, तेव्हा गाडी शेडमध्ये ठेवा. धुळीत कव्हर घालून घासू नका. आठवडाभर शाम्पू नको. कुठल्या पॅनलचं डेंटिंग-पेंटिंग ठरलेलं असेल तर तिथे सीलंट लावूच नका. सिलिकॉनचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यासारखे खळगे पडतात आणि पेंटरला पॅनल पुन्हा घासावं लागतं. नवीन रंगवलेल्या पॅनलला पेंटरने सांगितलेला वाळण्याचा काळ पूर्ण होऊ द्या. तोवर साधं पाणी आणि मऊ फडकं एवढंच.